परस्पर संमतीने

१ सप्टेंबर, सोमवार

गेल्या वर्षी छापलेल्या डायऱ्यांपैकी चाळीस विकल्या गेल्या नाहीत, त्यातली ही एक. छापलेला वार रोज खोडून नवा लिहावा लागणार, तारीख तेवढी खरी. मला लिहायची सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं छापत आलो. पण आज हात स्वस्थ बसत नाहीत, आणि घरात बोलायला जे एकच माणूस आहे त्याच्याबद्दलच बोलायचंय, म्हणून हा खटाटोप.

सकाळी शाळेची प्रगतिपुस्तकं कटिंग मशीनखाली लावली होती. सूनबाई प्रूफं हातात घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, मशीन थांबवा जरा. बोलायचंय."

"बोल की. कामाला हात लागतात, कान मोकळेच असतात."

"मी लग्न करायचं म्हणतेय."

मी पातं खाली घेतलं. पाचशे प्रगतिपुस्तकं दोन बोटं आखूड कापली गेली. आता त्यात मुलांची नावं मावतील, मार्क मावणार नाहीत. काही मुलं दुवा देतील.

कोणाशी, ते विचारायची गरज नव्हती. रक्तपेढीवाला. मार्चपासून रक्तदात्यांचे फॉर्म छापायला येतो. एवढे फॉर्म लागतात म्हणजे या गावात कोणाच्या अंगात रक्त उरलं नसेल, असं मी मागे म्हटलंही होतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आपल्याच चर्चच्या मंडळीतला. माणूस म्हणून नावं ठेवायला जागा नाही, हीच पहिली अडचण.

"चर्चमध्ये करणार?"

"चर्चमध्येच. पाळकसाहेबांकडे काल अर्ज दिलाय."

ती माझी सून होती, असं खरं तर लिहायला हवं. माझ्या मुलाशी तिचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली. चिरंजीव दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात आहेत. ती इथंच राहिली. माझी बायको अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं हिनंच केलं. बायको जाऊनही आता चार वर्षं झाली. वर दोन खोल्या, खाली प्रेस, आणि आम्ही दोघं. सासऱ्यानं सुनेला लेकीसारखं ठेवलं, असं लोक म्हणतात. मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

मी तिचं अभिनंदन केलं नाही. म्हटलं, "शास्त्र काय म्हणतं ते बघावं लागेल." मी मंडळीचा पंच आहे, बावीस वर्षं. घरात एक आणि चर्चमध्ये दुसरं, असं मला करता येत नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

मंडळीच्या नियमांची पुस्तिका सापडली. मीच छापलेली आहे. नियम चौदावा: घटस्फोटिताचा पहिला जोडीदार हयात असेल तर मंडळीत लग्न लागणार नाही. अपवाद दोन. जोडीदारानं व्यभिचार केला असेल तर, किंवा तो ख्रिस्ती विश्वास टाकून, घर सोडून गेला असेल तर. दोन्हीला साक्ष हवी. साक्षीदार मंडळीचा सभासद हवा आणि त्यानं पंचांच्या समोर बसून सांगायला हवं.

आधीचे म्हातारे पाळक हे अपवादही मानत नसत. देवानं जोडलं ते कोर्टाच्या शिक्क्यानं कसं सुटेल, म्हणायचे; दोघांतलं एक मरेपर्यंत बंधन. नवे पाळकसाहेब तरुण आहेत. ते म्हणतात, प्रभूनं स्वतःच एक दार उघडं ठेवलंय, तर आपण त्याच्याहून कडक कशाला व्हायचं? मला म्हाताऱ्यांचंच पटतं. पहिल्यापासून पटतं. चिरंजीवांच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी मी काही बोललो नाही, पण ते लग्न दुसऱ्या मंडळीत झालं, त्यांचे नियम वेगळे.

असो. तिच्या कोर्टाच्या कागदावर काय लिहिलंय ते मला पाठ आहे: परस्पर संमतीने. म्हणजे कोणाचाच दोष नाही. चिरंजीवांनी विश्वासही टाकलेला नाही, उलट तिकडे ते गायकवृंद चालवतात. म्हणजे हे लग्न एकाही अपवादात बसत नाही. म्हणजे प्रश्न मिटला.

प्रश्न मिटल्यावर मी जिना अकरा वेळा चढलो-उतरलो. गुडघा बोंबलतोय.

प्रेसचा याच्याशी काही संबंध नाही, हेही इथं लिहून ठेवतो. ऑफसेट ती चालवते, कॉम्प्युटर ती बघते, गिऱ्हाईक तिलाच विचारत येतं, हे सगळं खरं. पण तिच्याविना प्रेस चालणार नाही म्हणून मी आडवा येतोय असं कोणी म्हणेल, तर ते साफ खोटं.

४ सप्टेंबर, गुरुवार

रक्तपेढीवाला आला. टेबलावरचे कागदांचे गठ्ठे सरळ करत बसला. त्याची ही खोड मला सहन होत नाही. माझे गठ्ठे वाकडे असतात ते मला माहीत असतात.

"पप्पा, तुमचा रक्तगट कोणता?"

"आधी पप्पा म्हणायची परवानगी घे, मग रक्त माग."

तो हसला. याला राग येत नाही. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे. उजेड चांगला येतो. तुम्ही इथं एकटे राहू नये असं आम्हा दोघांनाही वाटतं."

"आम्हा दोघांना!" मी म्हटलं. "अजून नोटीस वाचली गेली नाही, आणि तुम्ही दोघं झालातसुद्धा!"

आमच्याकडे लग्नाची नोटीस तीन रविवार चर्चमध्ये वाचतात. कोणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगावं, असं पाळक विचारतात. माझ्या आठवणीत कोणी उठलेलं नाही. तो गेल्यावर मात्र मी सबंध दुपार मनातल्या मनात उठून उभा राहत होतो. दर वेळी भाषण थोडं लांबत गेलं.

७ सप्टेंबर, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. पंच म्हणून द्राक्षरसाचा प्याला फिरवायचा मान माझा. तिच्यापुढे आलो आणि प्याला तिरका झाला. दोन थेंब तिच्या रुमालावर पडले. तिनं रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मान खाली घातली. मला वाटलं, प्रार्थना करत असेल.

प्याल्याआधी स्वतःला तपासा, असं पाळक दर वेळी सांगतात. बावीस वर्षं मी ते ऐकतोय आणि दुसऱ्यांना तपासतोय. आज तपासलं. लिहूनच टाकतो. डायरी कोण वाचणार आहे!

सहा वर्षांपूर्वी चिरंजीव खाली प्रेसमध्ये आले. मी प्लेट लावत होतो. म्हणाले, ऑफिसातल्या एका बाईबरोबर दीड वर्ष चाललंय आणि आता तिच्याकडेच राहायला जातोय. मी दोन मुस्काटात दिल्या. मग चार दिवसांनी त्याची कपड्यांची बॅग मीच त्या बाईच्या घरी पोचवली, कारण त्यानं दारात येऊन तमाशा केला असता तर वर बायकोला ऐकू गेलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही. बाईनं दार उघडलं. माझ्या मुलाचा टॉवेल तिच्या खांद्यावर होता.

सुनेला मी पायऱ्यांवर बसवलं आणि तिच्याकडून शब्द घेतला. म्हटलं, पोरी, दोघांचं पटलं नाही एवढंच सांगायचं. वर नाही, बाहेर नाही, मंडळीत तर नाहीच. कुठं बोललीस की फिरून वर कळणार, आणि ती जाईल. कोर्टात परस्पर संमतीवर सही कर. तिनं केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तिला म्हणालो होतो. सव्वा लाख कोणाचे, ते तेव्हा तिनं विचारलं नाही.

आणि एक. वर्षभरानं चिरंजीवांना तिकडच्या चर्चमध्ये त्या बाईशी लग्न करायचं होतं. तिथं नियम एवढाच, की माणसाच्या मूळ मंडळीच्या पंचानं लिहून द्यावं: पहिलं लग्न मोडण्यात तिसऱ्या कोणाचा संबंध नव्हता. मी लिहून दिलं. मंडळीच्या लेटरहेडवर, पंच म्हणून सही करून. लेटरहेडही माझ्याच प्रेसचं.

म्हणजे ज्यानं लग्न मोडलं त्याचं माझ्या कागदावर चर्चमध्ये लग्न लागलं, आणि जिचं मोडलं तिचं त्याच खोट्यावर अडलंय. लिहिल्यावर हे फारच वाईट दिसतं. बोलताना इतकं दिसत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

चिरंजीवांना फोन केला. मी काही म्हणायच्या आतच म्हणाले, "करू दे ना तिला लग्न, पप्पा! मी कुठं अडवलंय?"

"नियम अडवतोय. साक्ष लागेल."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "पप्पा, तुम्ही ते काही बोलू नका. इथं मला लोक मानतात. तुमच्याच पत्रावर मानतात."

"मी बोलतो असं कुठं म्हटलं?"

"मग फोन कशाला केलात?"

म्हटलं, नातीचा खोकला कसा आहे. म्हणाले, तिला खोकला नव्हताच.

१३ सप्टेंबर, शनिवार

पंचांची बैठक. चर्चमागच्या खोलीत आम्ही पाच जण, पाळकसाहेब आणि पंखा. पंखा सर्वांत जास्त बोलतो.

मी म्हटलं, अर्जदार माझ्या घरातली आहे, मी मत देणार नाही, फक्त शास्त्र सांगेन. आणि मग अर्धा तास सांगितलं. नवरा-बायको एकदेह कसे, मरेपर्यंतचं बंधन काय, प्रेषितानं मंडळ्यांना काय लिहिलं. माझं मलाच पटत होतं, इतकं चांगलं बोललो.

हेडबाई, म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा पुसत म्हणाल्या, "नवरा मारतो म्हणून सोडलं तर? ते तर तुमच्या दोन्ही अपवादांत नाही. तिनं जन्मभर एकटीनं राहायचं?"

"एकटीनं राहणं हे पाप नाही."

"नाही ना? मग तुम्ही राहून बघा," त्या म्हणाल्या. मला ते लागलं. मी चार वर्षं एकटाच आहे, असं म्हणणार होतो. पण तेवढ्यात तिला आत बोलावलं.

तिनं निळी साडी नेसली होती. पाळकसाहेबांनी मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या पहिल्या यजमानांचं दुसरं कोणी होतं का? असेल तर सांगा. साक्ष आपण बघू."

ती माझ्याकडे बघेल म्हणून मी पंख्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "कागदावर आहे तेच."

"म्हणजे परस्पर संमतीने?"

"कागदावर तसं आहे."

मग काय! नियमात बसत नाही. सत्तावीस तारखेपर्यंत साक्षीदार आला तर पुन्हा बघू, नाहीतर अर्ज नामंजूर. मला एक अक्षर खोटं बोलावं लागलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला. तिलाही बहुधा फार घाई नसावी, नाहीतर बोलली असती.

हेडबाई बाहेर पडताना म्हणाल्या, "तुम्ही आज फार घामाघूम झालात." म्हटलं, पंखा नुसता आवाज करतो.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. ती गेली. मी टाइप ठेवायची जुनी कपाटं पुसली, मग खळीची भांडी घासली, मग पुसलेली कपाटं पुन्हा पुसली. पायाला भिंगरी लागलीय. काम मिटलं असताना हे का, कळत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज मीच विषय काढला. ती ऑफसेटची शाई पुसत होती.

"बैठकीत बोलली का नाहीस? मी काही तुझं तोंड धरलं नव्हतं."

"तुम्ही शब्द घेतला होता, पप्पा."

"तो मम्मीसाठी होता. मम्मी गेली. शब्द तिथंच सुटला."

"शब्द मी तुम्हाला दिला होता. मम्मींना नाही." चिंधी पिळून तिनं डब्यात टाकली. "सोडायचा तर तुम्हीच सोडा."

"कोर्टात जाऊन लग्न करा ना मग! तिथं कोणी साक्ष मागत नाही. तो तयार होईल."

"ते तयारच आहेत. मी नाही." मग ती माझ्याकडे वळली. "सहा वर्षं मी त्या चर्चच्या बाकावर बसतेय. हिला नवरा टिकवता आला नाही, जीभ तिखट असेल, असं माझ्या मागच्या बाकावर बोलतात. मला ऐकू येतं, पप्पा. त्याच बाकांमधून मला चालत जायचंय. तोंड लपवून ऑफिसात सही करायला मी काय चोर आहे?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही चढवता आला असता.

मी बाहेर पडलो. नदीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तिची जीभ तिखट आहे, हे मीसुद्धा एकदोघांना म्हटलं होतं. गप्पांच्या ओघात. त्या वेळी कोणी विचारलं की काहीतरी सांगावं लागायचं.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळच्या बसनं चिरंजीवांकडे गेलो. आधी कळवलं नाही. पाच तासांचा रस्ता. शेजारच्या बाईनं तिच्या जावयाची सगळी दुखणी सांगितली, तेवढाच वेळ गेला.

दार नातीनं उघडलं. साडेतीन वर्षांची आहे. मी तिला फोटोतच पाहिलेलं. हनुवटी माझ्या बायकोची, जशीच्या तशी. तिनं आत ओरडून सांगितलं, "पप्पा, एक आजोबा आलेत!" एक आजोबा. बरोबरच आहे म्हणा.

सून क्रमांक दोननं चहा केला, बिस्किटं ठेवली. घर नीटनेटकं. पेटीवर गाण्यांच्या वह्या. मला वाटलं होतं, इथं काहीतरी बिनसलेलं दिसेल. देव बघतोय, तर काहीतरी दिसायला हवं होतं. पण ती दोघं सुखात आहेत. मूलही गुणी आहे. मला याचा आनंद झाला आणि त्या आनंदाचा रागही आला.

गच्चीवर त्याला गाठलं. "मी साक्ष देणार आहे," म्हटलं. बसमध्ये काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मलाच कळलं.

तो पांढराफटक पडला. "आणि ते पत्र?"

"तेही सांगणार. तुझ्या पाळकांना मीच लिहीन."

"माझं काय होईल, विचार केलात? गायकवृंद काढून घेतील. हिला लोक काय म्हणतील? पोरीला शाळेत..." मग रडायलाच लागला. तेहतीस वर्षांचा बाप्या. "आपल्या माणसाला कोणी असं करतं का, पप्पा?"

हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बावीस वर्षं पंचाच्या खुर्चीत बसून मी दुसऱ्यांच्या कार्ट्यांचे न्याय केले. म्हटलं, "तीही आपलंच माणूस आहे. आणि तू तुझ्या पाळकांना आधी स्वतः सांग. माझं पत्र पोचायच्या आत. तेवढी सवड देतो."

त्यानं मान हलवली नाही. परतीच्या बसमध्ये बाजूची जागा रिकामी होती. जावयाच्या दुखण्यांची आठवण आली.

२२ सप्टेंबर, सोमवार

चिरंजीवांच्या पाळकांना लिहायच्या पत्राचा कच्चा मजकूर सात वेळा लिहिला. छापलेलं कितीही खोटं असलं तरी भारदस्त दिसतं. हातानं लिहिलेलं खरंसुद्धा ओशाळवाणं दिसतं.

सूनबाईला सांगितलेलं नाही. एकदम सांगेन. दुसऱ्या दोन मुलींच्या लग्नपत्रिका छापून झाल्या गेल्या आठवड्यात, तिनंच छापल्या. कागद निवडून देताना त्या मुलींशी हसत होती.

२७ सप्टेंबर, शनिवार

झालं.

खुर्ची मी पंचांच्या रांगेतून काढून टेबलाच्या अलीकडे ठेवली. पाळकसाहेब म्हणाले, हे काय? म्हटलं, साक्षीदार इकडे बसतो.

सगळं सांगितलं. प्रेसमधलं बोलणं, बॅग, टॉवेल, पायरीवर घेतलेला शब्द, कोर्टातली सही. मग लेटरहेडवरचं पत्र. तिथं बँकवाल्या पंचांनी पेन खाली ठेवलं. शेवटी म्हटलं, "हिची जीभ तिखट नाही. ते मीच पसरवलं. हिचं काहीही चुकलेलं नाही. हे लिहून घ्या."

हेडबाईंनी विचारलं, "तुमची पत्नी जाऊनच चार वर्षं झाली. मग चार वर्षं कोणासाठी गप्प होतात?"

बायको, मुलगा, मंडळीचं नाव, अशी उत्तरं तयार होती. एकेक तोंडापर्यंत आलं आणि खोटं वाटलं. म्हटलं, "माझ्यासाठी. मला मान हवा होता आणि घरात ती हवी होती. ती गेली तर मी काय करू, हे मला ठाऊक नाही." हे ठरवून बोलायला गेलो असतो तर बोललो नसतो.

पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली, फार लांब नाही. पंचपदाचा राजीनामा मी खिशातून काढून टेबलावर ठेवला. कोणी "नको नको" म्हटलं नाही. एखाद्यानं म्हणायला हरकत नव्हती. अर्ज मंजूर झाला. उद्यापासून नोटीस.

ती बाहेर बाकावर बसली होती. खोलीचं दार पातळ आहे, तिनं सगळं ऐकलं असावं. मी म्हटलं, "मंजूर." ती म्हणाली, "घरी जाऊया." वाटेत एक शब्द बोलली नाही. फार आनंद झाला की माणसाला बोलता येत नाही. घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

मला मात्र हलकं वाटतंय. सहा वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली. प्रभूनं क्षमा केली असं आतून वाटलं. तिच्यासाठी एवढं करता आलं, हेही समाधान.

२८ सप्टेंबर, रविवार

नोटीस वाचली गेली. दोघांची नावं, तीन रविवारांपैकी पहिला. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का? पंचांच्या बाकावर मी नव्हतो, मागे दाराशी होतो. तिथून सगळ्यांच्या मानेच्या मागच्या बाजूच दिसतात. कोणी हललं नाही.

घरी आल्यावर मी माझा काळा कोट काढला. बायकोनं शिवून घेतलेला, आता सैल झालाय. तिला हाक मारली. म्हटलं, "हा दोन्ही बाजूंनी आत घ्यायला टाकतो. लग्नात तुला वेदीपर्यंत घेऊन जायचं तर सासरा बुजगावण्यासारखा नको दिसायला." आणि हसलो.

ती हसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "पप्पा, तुम्ही नका येऊ माझ्याबरोबर. मी एकटी चालत जाईन."

"अगं, पण मी साक्ष दिली..."

"दिलीत. मी विसरणार नाही." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मम्मी गेल्या त्या दिवशी सकाळी तुम्ही औषध आणायला गेला होतात. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, माझा मुलगा वाईट नव्हता गं, तुझ्याकडून कुठं कमी पडलं? घर का मोडलंस?"

मी कोट हातात घेऊन उभाच होतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायको शांतपणे गेली, मनावर काही ओझं नव्हतं, असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? शब्द दिला होता. म्हटलं, चुकलं माझं, मम्मी." तिचा आवाज आता फुटला. "त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पप्पा. म्हणाल्या, जा पोरी, मी तुला क्षमा केली."

ती खाली प्रेसमध्ये गेली. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. रविवारी आम्ही कधी मशीन लावत नाही. ज्या क्षमेची हिला गरज नव्हती ती हिला मिळाली, आणि जी मला मागायला हवी होती ती द्यायला आता कोणी नाही. लग्न एकोणीस दिवसांवर आहे. ती एकटी चालत जाणार आहे, आणि मी दाराशी उभा राहून ते बघणार आहे.